पेट्रोलच्या टाकीचं झाकण आणि इंजिनचा पिवळा दिवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनचा पिवळा दिवा लागलेली गाडी घेऊन नाशिकमधल्या आमच्या गॅरेजमध्ये सारखं कोणी ना कोणी येतं. कोणी सिडकोतून, कोणी दिंडोरीहून, कोणी मुंबईला निघालेलं असतं आणि पाथर्डी फाट्यावरून मागे फिरतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, किती खर्च येईल?" यातल्या काही गाड्या मी फक्त टाकीचं झाकण नीट बसवून परत पाठवल्या आहेत. काहींच्या बाबतीत झाकणाचा काडीचा संबंध नव्हता. मालकांनी मोबाईलवर वाचून आठवडाभर झाकणच आवळलं आणि तेवढ्या दिवसांत खरा बिघाड वाढला. ही उत्तरं दोघांसाठीही आहेत.

दिवा लागला. गाडी आहे तिथेच थांबवायची का?

आधी रंग बघा, मग दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय ते बघा. पिवळा किंवा केशरी दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल, आवाज बदललेला नसेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल, तर घाबरायचं कारण नाही. सावकाश घरी जा आणि एक-दोन दिवसांत तपासून घ्या.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसफायर करतंय. एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता तसंच सायलेन्सरच्या बाजूला जातंय. ते पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) पेटतं, कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापतो आणि कायमचा जातो. हा भाग चांगलाच महाग आहे. कसारा घाट चढताना असं झालं, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा, वळण सोडून डाव्या बाजूला सुरक्षित जागी गाडी घ्या आणि टो करून आणा. लुकलुकणाऱ्या दिव्याचं कारण झाकण नसतं.

लाल दिव्यांची गोष्ट आणखी वेगळी. तेलाच्या किटलीचं किंवा थर्मामीटरचं लाल चित्र दिसलं, की गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं.

टाकीच्या झाकणाचा आणि इंजिनच्या दिव्याचा संबंध काय?

पेट्रोलची सतत वाफ होत असते. मे महिन्यात भर दुपारी रामकुंडाजवळ उन्हात गाडी लावा आणि तासाभराने टाकी उघडा, फुस्स करून आवाज येईल. ही वाफ पूर्वी हवेत निसटायची. ती हवेत जाऊ नये म्हणून आताच्या पेट्रोल गाड्यांमध्ये टाकीला कोळशाचा एक डबा जोडलेला असतो. आम्ही त्याला कॅनिस्टर म्हणतो. गाडी उभी असताना वाफ त्या कोळशात साठते. इंजिन चालू झाल्यावर पर्ज व्हॉल्व्ह नावाची एक छोटी विजेवर चालणारी झडप उघडते, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं.

टाकी, नळ्या, कॅनिस्टर आणि झडपा या सगळ्यांची मिळून एक बंद व्यवस्था होते. काही गाड्यांमध्ये संगणक या व्यवस्थेची अधूनमधून परीक्षा घेतो. सगळ्या वाटा बंद करतो, आत थोडा दाब किंवा थोडी पोकळी तयार करतो आणि ती टिकते का ते सेन्सरवर बघत राहतो. सायकलची ट्यूब पंक्चर आहे का ते बघायला हवा भरून थोडा वेळ थांबतात, तसंच हे. दाब टिकला नाही तर कुठेतरी गळती आहे, आणि दिवा लागतो. टाकीचं झाकण हे या व्यवस्थेतलं सगळ्यात मोठं भोक. शिवाय माणसाच्या हाताने रोज उघडलं-लावलं जाणारं तेवढंच एक. म्हणून संशय आधी त्याच्यावर जातो.

ही परीक्षा किती बारकाईने होते ते ऐका. अशा गाड्या एक मिलिमीटरचं भोक ओळखतात, काही तर अर्ध्या मिलिमीटरचंही. झाकणाच्या रबराला गेलेली केसाएवढी चीर त्यांना पुरते.

इंटरनेटवर सगळीकडे 'गॅस कॅप' लिहिलेलं असतं. म्हणजे सीएनजीचं झाकण का?

नाही. अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात, त्यामुळे त्यांची गॅस कॅप म्हणजे आपल्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण. आपल्याकडे गॅस म्हटलं की घरचा सिलिंडर नाहीतर सीएनजी, म्हणून गोंधळ होतो. एका गृहस्थांनी सीएनजी भरायच्या तोंडावरचं रबरी बूच बदलून आणलं होतं आणि दिवा का जात नाही म्हणून विचारत होते. ते बूच फक्त धूळ अडवायला असतं.

माझ्या गाडीत झाकण ढिलं राहिल्यावर दिवा लागेलच का?

या पानावर हेच उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे. गाडी भारतातली असेल, तर बहुतेक वेळा लागणार नाही.

अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी करणारी व्यवस्था बंधनकारक झाली आणि टाकीच्या वाफेची गळती शोधणं हा तिथल्या नियमांचा भाग आहे. म्हणून तिकडच्या प्रत्येक सल्ल्यात पहिलं वाक्य 'झाकण बघा' असं असतं. आपल्याकडे बीएस-४ या प्रदूषण निकषाच्या गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. पण आपले नियम युरोपच्या वळणाचे आहेत. कोळशाचा कॅनिस्टर आपल्या पेट्रोल गाड्यांत असतो, पर्ज व्हॉल्व्हच्या वायरिंगवर संगणकाचं लक्ष असतं, पण गळतीची ती परीक्षा घेणारी सगळी यंत्रणा इथल्या बऱ्याच मॉडेलमध्ये बसवलेलीच नसते. अशा गाडीचं झाकण तुम्ही पंपावर विसरून आलात, तरी संगणकाला पत्ता लागत नाही.

तुमची गाडी कुठल्या गटात बसते ते तिच्या माहितीपुस्तिकेत बघा. इंजिनच्या पिवळ्या दिव्याच्या माहितीत 'इंधनाचं झाकण घट्ट आहे का तपासा' असं लिहिलं असेल, किंवा मीटरवर झाकणाचा वेगळा इशारा असेल, तर गाडीला ही गळती कळते असं धरून चाला. पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच पडलेली असते. दहा मिनिटं काढून ते एक पान वाचाच.

मग झाकण बघायचंच कशाला?

फुकट आहे आणि एक मिनिट लागतं म्हणून. दिवा झाकणामुळे लागला नसला, तरी ढिल्या झाकणातून वाफ जाते, पावसात पाणी शिरतं, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या फवाऱ्याने तर हमखास शिरतं. इगतपुरीकडे पावसाळ्यात रोज येणं-जाणं असेल तर हे मनावर घ्या. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसतं, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जे पाण्याला धरून ठेवतं. झाकणाचं काम पाच मिनिटांचं, टाकी उतरवून धुवायचं काम अख्ख्या दिवसाचं.

झाकण बरोबर लागलंय हे कसं ओळखायचं?

गाडी बंद करा, बाहेरचा फ्लॅप उघडा, झाकण पूर्ण काढून हातात घ्या. नुसतं वरून फिरवून बघू नका.

झाकणाच्या आतल्या बाजूला काळी रबरी रिंग असते. तिच्यावरून बोट गोल फिरवा. रबर मऊ आणि लवचिक लागलं तर ठीक. कडक झालं असेल, एका बाजूला चपटं झालं असेल किंवा नखाने दाबल्यावर चिरा उघडत असतील, तर ते संपलं. मग टाकीच्या तोंडाची कड बघा, जिथे रबर टेकतं ती. आपल्याकडे तिथे बारीक लाल माती हमखास बसलेली असते, मळ्यातल्या रस्त्यांवर जाणाऱ्या गाड्यांवर जरा जास्तच. कोरड्या सुती फडक्याने पुसा. पाणी मारू नका आणि ग्रीस तर अजिबात लावू नका. कडेवर गंज किंवा पोचा दिसला तर लक्षात ठेवून मेकॅनिकला सांगा.

आता झाकण लावा. बहुतेक झाकणं आवळल्यावर 'कट-कट' वाजतात. काहींना एकच 'कट' पुरतो, काहींना तीन लागतात, झाकणावरच लिहिलेलं असतं. काही झाकणं पाव फेऱ्यात अडकतात आणि वाजत नाहीत. कितीही फिरवलं तरी 'कट' आलाच नाही, तर आतली खाच झिजली आहे.

झाकणाला बांधलेली प्लॅस्टिकची दोरी विसरू नका. इंदिरानगरच्या एक काकू गाडी घेऊन आल्या होत्या. त्यांच्या गाडीत गळतीची परीक्षा होती. दुसरीकडे कुठेतरी त्यांना टाकीतला सेन्सर बदला म्हणून सांगितलं होतं आणि आकडा ऐकून त्या हबकल्या होत्या. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाने नोंदलेला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) मोठ्या गळतीचा कोड होता. मी फ्लॅप उघडला तर ती काळी दोरी झाकण आणि टाकीच्या तोंडाच्या मधोमध अडकलेली. झाकण पूर्ण आवळलेलं, 'कट' वाजलेलं, पण दोरीच्या जाडीएवढी फट एका बाजूला राहिलेली. दोरी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर पांढरी घडी पडली होती.

"काकू, पंपावर झाकण कोणी लावलं होतं?"

"त्या मुलानेच लावलं. मी उतरलेच नाही रे, गुडघा धरतो ना."

रबर चांगलं होतं. मी दोरी सोडवली, झाकण लावलं, कोड लिहून घेऊन पुसला. पंधरा दिवसांनी फोन करून विचारलं, दिवा परत लागलेला नव्हता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, उतरता येत नसेल तर आरशात बघा आणि 'कट' ऐका. पंपावरच्या मुलामागे दहा गाड्या उभ्या असतात, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

झाकण घट्ट केलं, तरी दिवा तसाच आहे. म्हणजे दुसरं काही बिघडलंय का?

लगेच तसं समजू नका. दिवा झाकणाकडे बघून विझत नाही. ती गळतीची परीक्षा पुन्हा व्हावी लागते आणि गाडीने ती पास व्हावी लागते, साधारणपणे लागोपाठ तीन वेळा. आणि ही परीक्षा रोज होतेच असं नाही. त्यासाठी गाडी रात्रभर थंड उभी असावी लागते, बाहेरचं तापमान ठरावीक मर्यादेत असावं लागतं आणि टाकीत पेट्रोल साधारण पाव ते पाऊण असावं लागतं. टाकी काठोकाठ भरलेली किंवा रिकामी असेल तर परीक्षा पुढे ढकलली जाते.

आपल्याकडे दर वेळी पाचशेचं पेट्रोल टाकून रिझर्व्हच्या आसपास गाडी चालवणारे खूप लोक आहेत. त्यांच्या गाडीत ही परीक्षा महिनाभरही होत नाही आणि दिवा हटत नाही. अर्धी टाकी करा, सकाळी थंड गाडी सुरू करून नेहमीसारखी वापरा, गंगापूर रोडने धरणाकडे जाऊन आलात तरी चालेल, आणि आठवडा-दहा दिवस वाट बघा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आणखी थोडे दिवस धरा. तोपर्यंत गाडीत दुसरा काही फरक जाणवला नाही, तर काळजी करू नका. तेवढ्या दिवसांनीही दिवा असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

कोणता कोड आला तर झाकणावर संशय घ्यायचा?

स्कॅनरवर पाच अक्षरांचा कोड येतो. सुरुवातीला 'पी', पुढे चार आकडे.

पी०४५७ हा थेट झाकणाचा कोड आहे, झाकण ढिलं किंवा गायब. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, इथेही पहिला संशय झाकणावरच. पी०४४२ म्हणजे छोटी गळती आणि पी०४५६ म्हणजे अगदी बारीक गळती. या दोन्हींत झाकणाचं रबर असू शकतं, तसंच एखादी चिरलेली नळीही असू शकते. पी०४४० नुसतं एवढंच सांगतो की वाफेच्या व्यवस्थेत काहीतरी चुकतंय.

पी०४४१, पी०४४३ किंवा पी०४९६ आला तर झाकण सोडून द्या आणि पर्ज व्हॉल्व्हकडे वळा. इथल्या गाड्यांत या गटातले कोड आले, तर बहुधा पर्ज व्हॉल्व्हचेच असतात.

पी०१७१ म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. पी०३०० आणि त्याच्या पुढचे कोड मिसफायरचे. पी०४२० कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. यांपैकी काही आलं, तर झाकण कितीही आवळा, काही होणार नाही. उलट उशीर होईल.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, कोड वाचल्याशिवाय एक रुपयाचाही पार्ट बदलू नका. "सेन्सर गेलाय" असं कोणी गाडीकडे नुसतं बघून सांगितलं, तर शांतपणे म्हणा, "कोड दाखवा आणि कागदावर लिहून द्या." चांगला मेकॅनिक याचा राग मानत नाही.

स्कॅनर स्वतः विकत घ्यावा का?

दोन-तीन गाड्या असलेल्या घरात किंवा टूरिस्टचा धंदा असेल तर नक्की घ्या. ब्लूटूथवर चालणारा काडेपेटीएवढा स्कॅनर काहीशे रुपयांपासून मिळतो. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे तो लावायचा आणि मोबाईलच्या ॲपवर कोड वाचायचा. स्वस्त स्कॅनर इंजिनचे कोड नीट वाचतात, एअरबॅग आणि एबीएसचे सहसा वाचत नाहीत. काम झाल्यावर काढून ठेवा. गाडीला कायम लावून ठेवला, तर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते.

बॅटरीची वायर काढली तर दिवा जातो म्हणे. करून बघू?

दिवा जातो, आजार तसाच राहतो. कोडसोबत संगणकाने बिघाडाच्या क्षणाची नोंद ठेवलेली असते: वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, टाकीत किती पेट्रोल होतं. वायर काढली की तीही पुसली जाते, आणि बिघाड शोधायला मला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. शिवाय गाडीने स्वतःची शिकून ठेवलेली सेटिंग्ज जातात, काही दिवस आयडलिंग वरखाली होतं. स्कॅनरने कोड पुसायलाही हरकत नाही, पण आधी लिहून घ्या किंवा मोबाईलवर फोटो काढा.

पंपावर 'राउंड फिगर करा' म्हटल्याने खरंच काही बिघडतं का?

बिघडतं, आणि आपल्या गाड्यांत ढिल्या झाकणापेक्षा हेच जास्त वेळा बघायला मिळतं.

टाकी भरली की नोझल आपोआप कट होतं. त्यानंतरही टाकीत थोडी जागा असते, पण ती वाफेसाठी मुद्दाम ठेवलेली असते. मीटरवर १९६० झालेले असतात, आपण म्हणतो, "दोन हजार करून टाक." मुलगा नोझल थोडं वर ओढून थेंब-थेंब टाकत राहतो. मग पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये उतरतं. तो कोळसा वाफ शोषायला असतो, द्रव पेट्रोल शोषायला नाही. एकदा भिजला की त्याचं काम संपतं. कधी कोळशाचे कण सुटून पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि झडप अर्धवट उघडी राहते.

याची खूण फार सोपी आहे. टाकी फुल केल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, स्टार्टर लांब फिरतो, सुरू झाल्यावर इंजिन थरथरतं आणि थोड्या वेळाने सगळं ठीक होतं. बाकीच्या वेळी गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. असं होत असेल तर झाकणाकडे न बघता थेट पर्ज व्हॉल्व्ह तपासायला सांगा. इंजिन बंद असताना आणि वायर काढलेली असताना त्या झडपेतून हवा आरपार जाता कामा नये. तपासायला दोन मिनिटं लागतात.

नोझल कट झालं की थांबा. चाळीस रुपये सुटे परत घ्या किंवा मोबाईलवर नेमकी रक्कम भरा, आता तर तेही सोपं आहे.

नवीन झाकण घ्यायचं तर कोणतं?

गाडीच्या मॉडेलचं आणि वर्षाचं, कंपनीच्या पार्ट नंबरचं. इथे पैसे वाचवू नका. चुकीचं झाकण आटे बसतात म्हणून लागतं, पण त्यातली झडप वेगळी असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातल्या काही झाकणांना हवेसाठी बारीक भोक असायचं. तसलं झाकण कॅनिस्टरच्या गाडीला लावलं, तर वाफ सरळ बाहेर जाते. बाजारात मिळणाऱ्या चावीच्या झाकणांबद्दलही हेच. पेट्रोलचोरीची भीती असेल तर गाडीच्या कंपनीचं चावीवालं झाकण मिळतं का ते आधी विचारा. दुकानात दुसऱ्या गाडीने जा, जुनं झाकण सोबत न्या आणि तोवर टाकीचं तोंड प्लॅस्टिकने झाकून ठेवा.

नवीन झाकण लावलं, तरी गळतीचा कोड परत आला. आता?

आता धुराची तपासणी. मशीनने वाफेच्या व्यवस्थेत अगदी कमी दाबाने पांढरा धूर सोडतात आणि टॉर्च घेऊन बघतात, धूर कुठून निघतो ते. टाकीवरची चिरलेली नळी, टाकीतल्या इंधन पंपाच्या वरची रिंग, तडा गेलेला कॅनिस्टर, पूर्ण बंद न होणारी झडप, जे असेल ते दिसतं. गाडीखालच्या नळ्या उंदीर कुरतडतात, हेही विसरू नका. शेतावर किंवा मळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये मी हे पुन्हा पुन्हा बघितलं आहे. धुराचं मशीन प्रत्येक गॅरेजमध्ये नसतं. जाण्याआधी फोनवर विचारा. ही तपासणी न करता अंदाजाने एकेक पार्ट बदलणं तुमच्या खिशाला परवडणार नाही.

गाडी डिझेलची, सीएनजीची किंवा दुचाकी असेल तर?

डिझेलची वाफ फार कमी होते, त्या गाड्यांना कॅनिस्टर नसतो आणि ही परीक्षाही नसते. डिझेल गाडीत दिवा लागला तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनमध्ये फिरवणारी झडप), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी), सेन्सर अशा दिशेने बघावं लागतं.

सीएनजी गाडीला पेट्रोलची टाकीही असते, म्हणून झाकणाचं वर सांगितलेलं सगळं तिलाही लागू. पण सीएनजीवर दिवा लागतो आणि पेट्रोलवर लागत नाही असं होत असेल, तर बिघाड किटच्या बाजूचा किंवा स्पार्क प्लगचा असतो. कोणत्या इंधनावर असताना दिवा लागला, ते आठवून सांगा.

बीएस-६ दुचाकींना इंजिनचा दिवा आहे, पण तो टाकीच्या झाकणामुळे लागत नाही.

दिवा चालू असेल तर पीयूसी मिळते का?

पेट्रोल गाडीच्या पीयूसीमध्ये सायलेन्सरला नळी लावून धूर मोजतात. टाकीच्या झाकणातून जाणारी वाफ त्यात येत नाही. दिवा ऑक्सिजन सेन्सर किंवा मिसफायरमुळे लागला असेल, तर मात्र आकडे वाढू शकतात, म्हणून आधी दुरुस्ती आणि मग पीयूसी. पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजार रुपयांपर्यंत जातो.

गाडीजवळ पेट्रोलचा वास येतोय. झाकण तर घट्ट आहे.

हे दिव्यापेक्षा गंभीर आहे. दिवा नसला तरी गाडी तपासून घ्या, आणि तोवर सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साठते आणि बंद जागेत ठिणगीची वाट बघत राहते. उघड्यावर गाडी लावा, खाली ओलसर डाग पडतोय का बघा. डाग दिसला तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला तिथेच बोलवा.

जुनी गाडी विकत घेताना या दिव्याबद्दल काय बघायचं?

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. त्या क्षणी इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी ऑन केल्यावर तो लागलाच नाही, तर कोणीतरी दिवा काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. स्कॅनर लावून 'रेडिनेस' बघा, म्हणजे संगणकाने स्वतःच्या कोणत्या परीक्षा पूर्ण केल्या आहेत ते. बऱ्याच परीक्षा 'अपूर्ण' दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. विकणाऱ्याला चार-पाच दिवस गाडी चालवू द्या आणि पुन्हा तपासा. त्याने नाही म्हटलं तर ती गाडी घेऊ नका.

झाकण पंपावरच विसरलं आणि रात्र आहे. घरी कसं जायचं?

आधी गाडीच्या टपावर आणि डिकीवर बघा, झाकण बरेचदा तिथेच ठेवलेलं असतं. मग पंपावर फोन करा. विसरलेली झाकणं ते जपून ठेवतात. नाहीच मिळालं, तर स्वच्छ जाड प्लॅस्टिक तोंडावर लावून वर रबरबँड घट्ट बसवा आणि बाहेरचा फ्लॅप बंद करा. फडकं कोंबू नका. ते पेट्रोल ओढून घेतं आणि बाहेरून भिजतं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर जोरात वळणं घेऊ नका, गाडीजवळ कोणाला विडी-सिगारेट ओढू देऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी पहिलं काम झाकण आणण्याचं करा.

गॅरेजमध्ये येताना काय सांगायचं?

दिवा कधी लागला, त्याआधी पेट्रोल कधी आणि किती भरलं, नोझल कट झाल्यावर पुन्हा टाकलं होतं का, तेव्हा टाकी किती होती, गाडी धुतली होती का, पाऊस होता का, सीएनजीवर होती की पेट्रोलवर. हे सगळं मोबाईलवर एका मेसेजमध्ये लिहून ठेवा, मीटरचा फोटो जोडा आणि येताना कोड पुसून येऊ नका.